एक्कावन्न लुगड्यांची द्रौपदी

संपादकमहाशयांनी माझ्याकडे मागितल्या आहेत त्या रंगभूमीवरच्या गमती. गमती माझ्यापाशी आहेत. त्यांतली एक तर मी गेली वीसबावीस वर्षं लग्नात, मुंजीत, गाडीच्या प्रवासात, जिथे चार माणसं भेटली तिथे सांगत आलो आहे, आणि ऐकणारा हसला नाही असं कधी झालं नाही. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात आम्ही भर दुपारी केलेलं द्रौपदीवस्त्रहरण. ती सांगताना मी दर वेळी मधला एक क्षण गाळतो. आता इतकी सफाई आली आहे की गाळल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. या खेपेला तो गाळायचा नाही असं ठरवून बसलो आहे. त्यामुळे गंमत थोडी बिघडेल, ती संपादकांनी सांभाळून घ्यावी.

मी फार बोलणारा माणूस नव्हे. मी गाणारा होतो. नाटकमंडळीत सूत्रधार. हल्ली ज्याचं पद त्यानेच म्हणायचं अशी रीत पडली आहे, म्हणून आजच्या वाचकाला आमचा प्रकार समजावून सांगावा लागतो. आमच्या वेळी नाटकातलं सगळं गाणं एकटा सूत्रधार गाई. तो एका अंगाला हातात झांजा घेऊन उभा. मागे मृदंग, तंबोरा आणि ओळी झेलणारे दोघे. राजा रागावला की मी गायचं, राणी रडली की मी गायचं, राक्षसाला भूक लागली तरी मीच गायचं. तोवर ते सगळे हातवारे करत उभे. माझं पद संपलं की मग ते आपापल्या अकलेने बोलत. भाषणं कुणी लिहून दिलेली नसत. म्हणजे बोलणं त्यांचं आणि गळा माझा. सोळा वर्षांत मी सीतेपासून शूर्पणखेपर्यंत सगळ्यांचा गळा झालो, पण तोंडाला रंग म्हणून एकदाही लावला नाही.

वऱ्हाडात ही रीत लोकांना पटवून देताना पुरेवाट होई. बार्शीटाकळीला पहिल्या खेळानंतर तिथल्या पाटलांनी मला बाजूला घेतलं.

"बुवा, एक इचारू काय? राग तं नाई येनार?"

"विचारा की."

"तो राक्कस चांगला धट्टाकट्टा दिसते. मंग त्याचं गानं तुमी काहून म्हनून राहिले होते?"

"रीतच आहे, पाटील. सगळ्यांचं मीच म्हणतो."

"त्या राणीचंबी?"

"तिचंही."

पाटलांनी माझा गळा नीट निरखून पाहिला. मग हळहळून म्हणाले, "म्हंजे साऱ्याइचेच गळे बसले. कुठचं पानी लागलं असन बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाईंकडून अडुळशाच्या काढ्याची घागर आली. मंडळीतल्या प्रत्येकाला एकेक वाटी. सूत्रधाराला नाही, कारण त्याचा गळा ठणठणीत होता.

त्या दिवसांत वऱ्हाडाचं डोकं जागेवर नव्हतं. अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. अकोल्याच्या एका गृहस्थांनी गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवून घेतली आणि चांदी झिजेल म्हणून गाडी कधी जुंपलीच नाही. ती त्यांनी पाहुण्यांना दिसावी अशी ओसरीवर ठेवली होती. घरात जायचं तर गाडीखालून वाकून जावं लागे. आम्ही सगळे वाकून गेलो आणि वाकून आलो, आणि तिची तारीफ केली.

अशा लोकांना नाटक हवं होतं, आणि ते बाजाराच्या आवारातच हवं होतं, कारण सगळी माणसं तिथेच. पण आवारात जिकडेतिकडे रुईचे ढीग आणि बांधलेल्या गाठी. तिथे चूल, चिलीम, दिवटी काही पेटवायचं नाही असा साहेबाचा हुकूम. नाटक म्हणजे दिवट्यांच्या उजेडातला मामला. तरी आम्ही खेळ दिवसाढवळ्या करू लागलो. उन्हात रंग वितळे. गणपतीची सोंड मऊ पडून दाढीसारखी लोंबे. राक्षस येताना दिवटीवर राळ फेकून भडका उडवायची जुनी चाल. ती गेल्यावर राक्षस रुसून बसला. शेवटी दोघांनी दोहों बाजूंनी मूठमूठ रुई उधळायची असं ठरलं. कापसाच्या भुरभुरीतून शिंकत येणारा राक्षस वऱ्हाडाने पाहिला आहे, दुसऱ्या कुणी पाहिला असेल असं वाटत नाही.

रंगभूमी म्हणजे गाठी मांडून त्यांवर टाकलेल्या सतरंज्या. पायांना ठीक, पण गाणाऱ्याला वाईट. कापूस आवाज गिळतो. देवळात गायलं की आपलाच आवाज फिरून आपल्यापाशी येतो, त्याच्या आधाराने माणूस गातो. कापसाच्या आवारात तो गेला की गेला. विहिरीत दगड टाकावा आणि पडल्याचा आवाजच येऊ नये, तसं वाटे. मग गाणारा आणखी जोर लावतो, आणखी लांबवतो, समोरच्या तोंडांवर काही उमटतं का ते पाहत राहतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो.

आता दिगंबर. आमच्या मंडळीत स्त्रीवेष तो करी. वाईकडचा, तिशीचा, बायकोमुलांचा माणूस. खेळाच्या दिवशी दोनदा दाढी करावी लागे. द्रौपदीचं काम करणाऱ्याचं नाव दिगंबर असावं, यावर मंडळीत इतके विनोद होऊन गेले होते की मी भर घालत नाही. पण भाषणाला उभा राहिला की त्याच्यासारखा हजरजबाबी मी दुसरा पाहिला नाही. समोरच्या प्रेक्षकाने टोमणा मारला तर द्रौपदीचं सोंग न सोडता त्याला असं उत्तर देई की टोमणा मारणाराच आधी हसे. शब्द त्याच्या तोंडात रांग लावून उभे असत. आम्ही दोघे एका ताटात जेवत होतो.

वस्त्रहरणाची युक्ती सांगून टाकतो, आता लपवून काय करायचं. द्रौपदी एक लुगडं नेसलेली असे. त्यावर आणखी सहा नुसते वेढे देऊन गुंडाळलेली, एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटात खोचलेलं. दुःशासन बाहेरचं टोक ओढी, द्रौपदी हात जोडून गिरक्या घेई, एक सुटलं की खालचं हाती येई. तेवढा वेळ मी पद म्हणायचं: "यादवा, किती रे दूर तुझे गाव." पद चालू तोवर ओढणं चालू. मी दोन्ही झांजांचा एकच मोठा ठोका दिला की दुःशासन थकून कोसळायचा. आमचा दुःशासन बाळा पैलवान. अंगाने रेडा, स्वभावाने गाय. ठोक्यावाचून थांबायचं नाही एवढं त्याला शिकवलं होतं आणि ते तो कधी विसरला नाही.

अकोल्याला एका श्रीमंत बाईंनी आदल्या दिवशी निरोप धाडला की आमचं लुगडं द्रौपदीच्या अंगावरून ओढून परत द्या. देवाने पुरवलेलं लुगडं म्हणून लेकीला लग्नात नेसवायचं आहे. मंडळीचे मालक तात्या स्वतः कृष्णाचं काम करत. त्यांना भक्तांचा हट्ट मोडवत नसे. तात्यांनी हो म्हटलं. दुपारपर्यंत हे साऱ्या पेठेत पसरलं. ज्याच्या घरी लेक तो लुगडं घेऊन आला, ज्याच्या घरी नव्हती तो होईल म्हणून घेऊन आला. सातांची एकवीस झाली. दिगंबर घामाने भिजला, पण हसत होता. "केशवा," तो मला म्हणाला, "पांडवांनी पाच वेगवेगळ्या बायका केल्या असत्या तरी एवढी लुगडी लागली नसती."

ही बातमी आमच्या आधी अमरावतीला पोचली.

अमरावती माझं गाव. वडील तिथे भिक्षुकी करत. मी नाटकात गेलो तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "गाण्याला देऊळ होतं की." नंतर आठ वर्षं पत्र नाही. आणि आता आम्ही त्याच गावात, भर चैत्रात, आणि गावची पुढारी मंडळी तात्यांपुढे बसलेली.

"अकोल्याले एकवीस झाली म्हंते."

"झाली."

"मंग आमची अमरावती काय उघडी हाये? एक्कावन झाली पायजे."

"पण माणूस एकच आहे," मी म्हणालो.

"देव पुरवनारा हाये नं बुवा, तुमी कायले भेता?"

क्रमावरून दोन दिवस भांडण झालं. सगळ्यांत आतलं लुगडं, जे देवाने राखलं, ते आपलं असावं असं प्रत्येकाला वाटे. शेवटी ज्याच्या गाठींची रंगभूमी होती त्याचं ते ठरलं.

खेळाच्या सकाळी दिगंबरला दोन्ही हात वर करून उभा केला आणि माणसं लुगडी घेऊन त्याच्याभोवती फिरू लागली. विसाव्यानंतर वेढे सैल पडून घसरायला लागले. तेव्हा कुणाला तरी सुचलं की आवळून बांधण्यात बाजारातल्या हमालांइतकं तरबेज कोण? गाठी बांधणारे दोन हमाल आले. त्यांनी द्रौपदीच्या पोटाला गुडघा दिला, 'हां भाऊ, दम सोड' म्हणाले आणि पुढची एकतीस लुगडी त्यांना येत होतं तसं बांधून दिली. त्यांची काही चूक नाही. जन्मभर त्यांनी जे बांधलं त्याला श्वास घ्यायचा नव्हता.

झाल्यावर द्रौपदी दारातून बाहेर निघेना. दाराची चौकट काढली. तिला बसता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. शेवटी गाठी वाहायच्या ढकलगाडीवरून तिला रंगभूमीकडे न्यायचं ठरलं. गाडीशेजारून मी चालत होतो. वाटेत एक शेतकरी बायकोला सांगत होता, "पाय, हे रूप द्रौपदीचं." बायको म्हणाली, "मले तं गाठच दिसून राहिली."

दिगंबर तेव्हाही हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "केशवा, श्वास वरच्या वर घ्यावा लागतोय."

"वीसपर्यंत काढ. मग मी ठोका देतो. पुढचं तात्या पाहून घेतील."

"त्याआधीच नाही निभावलं तर मी वेणी पुढे घेईन. डाव्या खांद्यावरून. पाहशील ना?"

"पाहीन म्हणजे काय? माझं तोंड तुझ्याकडेच असतं."

खेळ सुरू झाला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. बाळाने पहिलं टोक ओढलं, मी पद उचललं. ज्याचं लुगडं सुटे त्या घरचे लोक उभे राहून आपल्या घराण्याचं नाव ओरडत, टाळ्या पडत, लुगडं घडी करून त्यांच्या हाती जाई, पुढचं सुरू होई. द्रौपदी फिरत होती. माझा आवाज कापसात जात होता आणि परत काही येत नव्हतं.

नवव्या की दहाव्या लुगड्याला मला वडील दिसले. गर्दीच्या अगदी कडेला, डोक्यावरून उपरणं घेऊन एका गाठीला टेकून उभे होते. आणि त्यांचा उजवा हात गाठीवर ताल धरत होता. कापसावर हात पडत होता त्यामुळे आवाज नव्हता. नुसता हात वर जात होता आणि खाली येत होता, माझ्या समेवर. आठ वर्षांत मला कुठून काही परत आलं असेल तर ते हे.

आता तो क्षण. अकरावं लुगडं सुटत होतं आणि दिगंबरने वेणी पुढे घेतली. डाव्या खांद्यावरून. माझ्याकडे पाहून घेतली.

सांगताना आजवर मी म्हणत आलो की ऊन फार होतं, रुई उडत होती, मला दिसलं नाही. मला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. झांजा माझ्या हातात होत्या. मी मनात म्हटलं, हे आवर्तन पुरं होऊ दे, वडिलांचा हात समेवर येऊ दे. तो आला. मग मी 'गाव'वर तान घेतली, जी त्याआधी कधी घेतली नव्हती, आणि तो हात आणखी एकदा वर गेला. दिगंबरने वेणी मागे टाकली आणि पुन्हा पुढे घेतली. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा. मी तान वाढवली.

त्यानंतर त्याने खूण केली नाही. डोळे मिटले. लोक म्हणाले, "काय ध्यान लागलं बाईचं!" तो पडला कसा नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. पडणार कसा? एवढ्या जाडीचा आणि असा आवळलेला माणूस, त्याला बाळा एका लयीत ओढतो आहे; भोवरा फिरत असेतो पडत नाही. तो उभ्याउभ्या शुद्ध हरपून फिरत होता आणि लोक हात जोडून पाहत होते.

पहिल्या रांगेत रिद्धपूरकडची एक म्हातारी होती. मुलाच्या कापसाच्या गाडीबरोबर आलेली, महानुभाव पंथाची, कृष्णाची निस्सीम भक्त. नाव येसाबाई. तिचंही एक साधं लुगडं त्या ढिगात होतं. ती एकदम उभी राहिली.

"ए गानेवाल्या! थांब नं बे! ते मानूस मरून राहिलं!"

"बसा जी आजी," मागून कुणी म्हणालं, "देव येऊन राहिला."

"कवा येईन? तिरडी बांधल्यावर?"

आणि ती गाठींवर चढली. आधी बाळापाशी गेली. "सोड ते!"

बाळा ओढता ओढताच काकुळतीने म्हणाला, "झांज वाजली नाही ना, आजी!"

मग ती माझ्याकडे वळली. मी गात होतो, हे लिहायला हवं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली तरी गात होतो. तिने माझ्या हातातल्या झांजा हिसकून घेतल्या आणि अशा आदळल्या की दोन्हींना चीर गेली.

ठोका पडला. बाळा शिकवल्याबरहुकूम थकून कोसळला. ताण सुटल्यावर दिगंबर एकदा हेलकावला आणि आडवा झाला.

पुढे जे झालं त्यावर लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे. सगळं आवार ओरडलं, "देव आला! आजीच्या रूपानं देव आला!" आणि पाचसहाशे माणसं येसाबाईच्या पायांवर लोटली. तात्या मागे चौरंगावर मोरमुकुट घालून केव्हापासून उभे होते. ते कळवळून ओरडत होते, "अहो, कृष्ण मी आहे! इकडे पाहा, मी!" कुणी पाहिलं नाही. येसाबाई संतापाने पाय ओढून घेत होती. तिच्या पंथात एका परमेश्वराशिवाय कुणाच्या पाया पडणं नाही, आणि इथे लोक तिच्याच पडत होते. "पाय सोडा मेल्यांनो! देव नोय मी! पानी आना, पानी!" पण देवाने पाणी मागितलं म्हटल्यावर ते साधं कसं आणायचं? दोघे जण गंगाजळ कुणाकडे आहे ते पाहायला धावले.

येसाबाईने गाठींची दोरी कापायचा विळा मागितला. तेव्हा मात्र लोक शुद्धीवर आले. अजून तीसबत्तीस घरांची लुगडी आतच होती. "कापू नका, आजी! लेकीचं लुगडं हाये!" विळ्यावर चार हात पडले. ती म्हणाली, "माहं हाये त्याच्यात, ते पयले कापा. नाई नेसलं कोनी तं नाई नेसलं." पण विळा तिला मिळाला नाही. मग एकच वाट उरली. बाळाने टोक धरलं, मी आणि एक हमाल दिगंबरला गाठींवरून लोळवू लागलो, चटई उलगडावी तसा. आणि लोक, देवाशपथ सांगतो, लुगडं सुटलं की घराण्याचं नाव ओरडत होते. मोजत होते. एक्कावन्नही झाली. अमरावती जिंकली.

दिगंबर वाचला. वैद्यांनी तीन दिवस त्याला ओल्या वस्त्रांत ठेवला. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले, माणसं ओळखली, पेज घेतली. फक्त बोलणं गेलं होतं. अगदी गेलं नव्हतं. एकेक शब्द येई आणि दोन शब्दांच्या मध्ये इतका वेळ जाई की समोरचा उठून जाई. ज्याच्या तोंडात शब्दांची रांग असे त्याला 'पाणी' म्हणायला तांब्याभर वेळ लागे. वाईपर्यंतचा प्रवास त्याला झेपणार नव्हता. येसाबाईने त्याला आपल्या गाडीत, सरकीच्या पोत्यांवर निजवून घरी नेलं. पुढे त्याची बायकोमुलंही तिथेच आली.

आणि माझी कीर्ती झाली. ज्याच्या गाण्याने भरदुपारी देव खाली आला तो सूत्रधार, म्हणून मला मोठमोठी बोलावणी आली. जाऊ तिथे तेच पद मागत. मी आठ वर्षं ते म्हटलं, दर वेळी त्या तानेसह.

वडिलांकडे मी त्या खेळानंतर गेलो. त्यांनी आत घेतलं, जेवायला वाढलं. हात धुताना म्हणाले, "त्या मुलाने वेणी पुढे घेतली. दोनदा. ती काही खूण होती का रे?"

मी म्हणालो, "नाही. वेणी सावरत असेल."

ते "बरं" म्हणाले. पुन्हा विचारलं नाही, आणि माझं गाणं ऐकायलाही पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या वर्षी मी रिद्धपूरकडे गेलो. येसाबाई आता नाही. तिच्या सुनेने, तुळसाबाईने, "दंडवत" म्हणून आत बसवलं. दिगंबर अंगणात सरकी वाळत घालत होता. केस पांढरे, अंग तेवढंच. मला पाहून हसला आणि माझं नाव घेतलं. 'केशवा' पुरं व्हायला वेळ लागला. मी घाबरून गेलेला माणूस बोलतो तसं एका दमात बोलून टाकलं: "दिगंबरा, मी खूण पाहिली होती. दोन्ही वेळा. मला दिसलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. मला दिसलं होतं."

मग मी उत्तराची वाट पाहत बसलो. तुळसाबाईने पाणी आणलं. सरकीवर चिमण्या आल्या, त्याने हाताने हुसकल्या. ओठ हलत होते. मी मनात सगळी उत्तरं म्हणून पाहिली, एकाहून एक कठीण. अखेर शब्द आला.

"गा."

मला कळलं नाही. त्याने तर्जनीने हवेत गिरकी काढून दाखवली. तेच पद.

मी गळा साफ केला. "यादवा, किती रे दूर..."

दिगंबरने हात डाव्या खांद्यामागे नेला. वेणी कुठली असणार? उपरण्याचं टोक होतं. ते त्याने सावकाश पुढे घेतलं, माझ्याकडे पाहत.

मी थांबलो. 'दूर'चा 'र' तसाच तोंडात राहिला.

त्याने टोक मागे टाकलं आणि मानेने खुणावलं, पुन्हा. मी पुन्हा सुरू केलं. 'किती'वर टोक पुढे आलं. मी थांबलो. पुन्हा. या वेळी 'यादवा'च्या 'या'वरच. मी थांबलो. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझंही तसंच झालं होतं, फक्त मी हसत होतो की नाही ते सांगता येत नाही.

तुळसाबाई सूप घेऊन दारात उभी होती. "कायचं गानं हे बाप्पा," ती म्हणाली, "सुरू होण्याच्या आंधीच सरून राहिलं!"

संध्याकाळची गाडी येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. पद किती वेळा सुरू केलं ते मी मोजलं नाही. पुरं त्याने एकदाही होऊ दिलं नाही.